सर्व्हरला डायल-इन लागत नाही : फोनच्या लाइनपासून लॉगिनपर्यंत क्रमाने तपासणी

महापे, रबाळे, तळोजा किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या काही जुन्या युनिटांत आजही सर्व्हरच्या शेजारी एक बाह्य मॉडेम, म्हणजे फोनच्या लाइनवरून संगणकाचा डेटा नेणारा-आणणारा डबा, सुरू असतो. बाहेरून त्याचा नंबर लावून सर्व्हरमध्ये शिरणं म्हणजे डायल-इन. इंटरनेट पूर्ण बंद पडलं तर राउटरच्या कन्सोलपर्यंत पोहोचायला, ईपीएबीएक्सचं, म्हणजे ऑफिसच्या अंतर्गत फोन एक्स्चेंजचं, प्रोग्रॅमिंग दुरून करायला, किंवा गोदामातून हेड ऑफिसच्या जुन्या स्टॉक सॉफ्टवेअरमध्ये नोंदी टाकायला. वर्षभर त्याच्याकडे कोणी बघत नाही, आणि नेमका गरजेच्या दिवशी तो लागत नाही.

अशा वेळी बहुतेकजण सर्व्हरपासून सुरुवात करतात. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकतात, सर्व्हिस बंद-चालू करतात, युजरचा पासवर्ड बदलतात. मूळ बिघाड तसाच राहतो आणि चालत असलेली सेटिंग्ज मात्र विस्कटतात. माझं ठाम मत आहे की कॉल ज्या वाटेनं येतो त्याच वाटेनं तपासत यावं. आधी लाइन, मग मॉडेम, मग सर्व्हरचा पोर्ट, मग कॉल उचलणं, दोन मॉडेमचं एकमेकांशी जुळणं, पीपीपी (फोनच्या लाइनवरून नेटवर्क जोडण्याची पद्धत), लॉगिन आणि शेवटी आयपी पत्ता. प्रत्येक टप्पा पार झाल्याची खूण डोळ्यांना किंवा कानांना मिळते. ती मिळाल्याशिवाय पुढे जायचं नाही, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

एक खुलासा : या लेखात मॉडेमच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्याच अक्षरांच्या रोमन कळा दाबायच्या.

पहिली पायरी : मोबाइलवरून नंबर लावून ऐका

लॅपटॉप उघडण्याआधी मोबाइलवरून ०२२ लावून मॉडेमचा नंबर फिरवा. त्याच वेळी एका सहकाऱ्याला मॉडेमपाशी उभं करा. दुसऱ्या माणसाची गरज आहे, कारण तुमच्या कानात वाजणारी रिंग एक्स्चेंज वाजवत असतं. ती ऐकू आली म्हणजे घंटी मॉडेमपर्यंत पोहोचली असं नाही.

मॉडेमनं कॉल उचलला तर सुमारे २१०० हर्ट्झची सलग शिट्टी ऐकू येईल आणि मागोमाग घरघर सुरू होईल. हे ऐकू आलं तर लाइन येते आहे, मॉडेम जिवंत आहे आणि कॉल उचलला जातो आहे. तुमचा प्रश्न पुढच्या टप्प्यांत आहे. तिकडे इनकमिंग रिंगचा दिवा लुकलुकतो, पण मॉडेम उचलत नाही, तर सर्व्हर किंवा पोर्टकडे बघा. तुम्हाला रिंग ऐकू येते आणि तिथला दिवा मात्र हलत नाही, तर घंटी मॉडेमपर्यंत पोहोचत नाही, लाइन आणि वायर बघा. सारखा एंगेज टोन येत असेल तर मागचा कॉल मॉडेमनं सोडलेला नाही, किंवा त्याच लाइनवर समांतर लावलेल्या फोनचा रिसीव्हर बाजूला पडला आहे.

दुसरी पायरी : लाइन

मॉडेमची वायर काढून तिथे साधा फोन लावा. कॉर्डलेस किंवा फॅक्स मशीन नको. डायल टोन आला की एखादा आकडा दाबा. टोन थांबतो आणि काही सेकंद शांतता मिळते. त्या शांततेत कान देऊन ऐका. खरखर, गुणगुण, शेजारच्या लाइनवरचं पुसट बोलणं यांपैकी काहीही असेल तर बोलण्याला ती लाइन चालेल, मॉडेमला चालणार नाही.

मल्टीमीटर असेल तर फोन ठेवलेल्या स्थितीत लाइनवर साधारण ४८ व्होल्ट डीसी दिसायला हवेत. रिसीव्हर उचलल्यावर ते ६ ते १० व्होल्टच्या आसपास उतरतात. ठेवलेल्या स्थितीतच व्होल्टेज बरंच कमी दिसत असेल तर कुठेतरी गळती आहे. घंटी वाजताना मात्र तारांना हात लावू नका. त्या क्षणी ७५ व्होल्ट एसीच्या घरातला दाब असतो आणि झटका चांगलाच बसतो.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हा लाइनच्या बिघाडांचा मोसम. रस्त्याकडेच्या जोडण्यांत पाणी शिरतं, खोदकामात केबल दुखावते. खाडीलगतच्या दमट हवेत रोझेट बॉक्समधले (भिंतीवरच्या फोनच्या सॉकेटच्या डबीतले) स्क्रू हिरवे पडतात, आणि रासायनिक कारखान्यांच्या पट्ट्यात ते आणखी लवकर होतं. म्हणून आधी आपल्या हातातलं तपासा. रोझेट उघडा, तारांची टोकं नव्यानं सोला, स्क्रू घट्ट करा. मग इमारतीत जिथे बाहेरची केबल येते तिथे, म्हणजे डीपी किंवा क्रोन मॉड्यूलवर, आतलं सगळं वायरिंग सोडवून थेट फोन लावून ऐका. तिथे आवाज स्वच्छ असेल तर दोष तुमच्या ऑफिसच्या वायरिंगचा. तिथेही खरखर असेल तर टेलिफोन कंपनीचा.

ठाणे आणि नवी मुंबई शहरांतल्या जुन्या सरकारी लँडलाइन एमटीएनएलच्या मुंबई विभागातल्या. तुमची लाइन कोणत्याही कंपनीची असो, तक्रार नोंदवताना ‘मॉडेम लागत नाही’ असं सांगू नका. लाइनमनची जबाबदारी आवाजापुरती असते आणि मॉडेमचं नाव ऐकलं की तक्रार तुमच्याच दारात परत येते. ‘लाइनवर खरखर आहे, डीपीवर आतलं वायरिंग काढूनही आहे’ असं सांगा. त्यावर काम होतं.

याच टप्प्यावर आणखी काही गोष्टी बघून घ्या. लाइनवर ब्रॉडबँड असेल तर मॉडेम स्प्लिटरच्या फोनच्या बाजूलाच हवा. कॉल वेटिंग बंद करून घ्या, कारण त्याचा टोन मध्ये आला की जोडणी कोसळते. रिसेप्शनवर, केबिनमध्ये किंवा वॉचमनच्या टेबलावर त्याच लाइनचा समांतर फोन असेल तर तो कायमचा काढा. लाइन ईपीएबीएक्समधून येत असेल, तर मॉडेम ॲनालॉग एक्स्टेन्शनवरच आहे ना याची खात्री करा. डिजिटल एक्स्टेन्शनच्या सॉकेटमध्ये आरजे-११, म्हणजे फोनच्या वायरचा नेहमीचा प्लग, सहज बसतो, पण त्यावर साधा मॉडेम चालत नाही आणि जळूही शकतो. शक्य असेल तर मॉडेमला ईपीएबीएक्सच्या बाहेरची स्वतंत्र लाइनच द्या.

लाइन फायबरवर गेली असेल तर

हा भाग जुन्या पुस्तिकांत सापडत नाही आणि अलीकडे हेच कारण निघण्याची शक्यता मोठी असते. नंबर तोच राहतो, पण तांब्याची जोडी जाऊन भिंतीवर फायबरचा डबा येतो आणि फोन त्या डब्याच्या सॉकेटला लावला जातो. बोलणं उत्तम ऐकू येतं, म्हणून बदल झाल्याचं कोणाच्या लक्षातही राहत नाही. मॉडेम मात्र त्या दिवसापासून हट्ट धरतो.

कारण असं की या लाइनवर आवाजाचे तुकडे करून ते डेटाच्या पाकिटांत पाठवले जातात. एखादं पाकीट उशिरा आलं किंवा हरवलं तर कानाला कळत नाही, पण मॉडेमचा ताल चुकतो. आवाज दाबून लहान करणारा कोडेक वापरात असेल, तर मॉडेमचा सिग्नल पलीकडे ओळखण्याजोगा उरतच नाही. प्रतिध्वनी घालवणारी यंत्रणाही मध्ये लुडबुड करते.

पहिला उपाय म्हणजे सेवा देणाऱ्याकडे त्या नंबरासाठी जी.७११ कोडेक मागणं. फॅक्ससाठीही सहसा तोच वापरतात, त्यामुळे ‘या लाइनवर फॅक्स आणि मॉडेम चालवायचा आहे’ असं सांगितलं की मुद्दा लवकर पोहोचतो. दुसरा उपाय आपल्या हातात आहे : वेग स्वतःहून कमी करा. ३३,६०० चा अट्टहास सोडून १४,४०० किंवा ९,६०० वर बांधा. त्यासाठी बहुतेक मॉडेमांत ‘एटी+एमएस’ ही आज्ञा असते आणि तिच्यापुढे व्ही.३२बिस किंवा व्ही.३२ हे मानक लिहायचं. काही कंपन्यांची पद्धत वेगळी असते, तेव्हा आपल्या मॉडेलची पुस्तिका बघा. नुसत्या अक्षरी कन्सोलसाठी तर २,४०० सुद्धा पुरतो. हळू पण टिकणारी जोडणी या कामात कधीही बरी.

तिसरी पायरी : मॉडेम आणि पोर्ट

लाइन स्वच्छ आहे याची खात्री झाली की सर्व्हरवर टर्मिनल प्रोग्राम उघडा. हायपरटर्मिनल, पुटी, लिनक्सवर मिनिकॉम, काहीही चालेल. आधी डायल-इनची सर्व्हिस थांबवा, नाहीतर पोर्ट अडकलेला असेल. योग्य कॉम पोर्ट निवडून ‘एटी’ लिहा आणि एंटर दाबा. उत्तर ‘ओके’ आलं पाहिजे.

पोर्टच उघडत नसेल तर तो दुसऱ्या कोणी धरला आहे. यात दोन नेहमीचे संशयित : फॅक्सची सर्व्हिस आणि यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर, जे कॉम-१ वर ठाण मांडून बसतं. यूएसबी-सीरियल ॲडॉप्टर वापरत असाल तर सॉकेट बदलल्यावर कॉम-३ चा कॉम-५ झालेला असू शकतो. सर्व्हर जुन्या नंबरावर वाट बघत बसतो आणि मॉडेम नव्यावर. अशा ठिकाणी ॲडॉप्टरचं यूएसबी सॉकेट ठरवून टाका आणि त्यावर चिकटपट्टी लावा.

पोर्ट उघडतो पण ‘ओके’ येत नाही, तर मॉडेमचा पॉवर ॲडॉप्टर आणि केबल बघा. लिहिलेलं दिसत नाही पण ओके येतं, तर ‘एटीई१’ दिलं की अक्षरं दिसू लागतील. नंतर ‘एटी&एफ’ देऊन मॉडेम कारखान्याच्या मूळ सेटिंगवर आणा. काही कंपन्यांत हार्डवेअर फ्लो कंट्रोलसाठी (डेटाचा ओघ तारांवरच्या सिग्नलनं थांबवण्या-सोडण्यासाठी) ‘एटी&एफ१’ द्यावं लागतं. ‘&सी१’ आणि ‘&डी२’ असल्याची खात्री करा. पहिल्यामुळे वाहक सिग्नल आहे की गेला हे सर्व्हरला कळतं, आणि दुसऱ्यामुळे सर्व्हरनं डीटीआर, म्हणजे ‘मी तयार आहे’ हा सिग्नल, सोडला की मॉडेम फोन ठेवतो. ‘&व्ही’ दिलं की चालू सेटिंग दिसतं आणि ‘&डब्ल्यू’ नं ते जतन होतं.

केबलबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण ‘एकदाच लागतो, मग एंगेज’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथे असतं. बाजारात मिळणाऱ्या काही स्वस्त केबलींत फक्त तीन तारा जोडलेल्या असतात : पाठवणं, घेणं आणि ग्राउंड. त्यावर ‘ओके’ येतं, अगदी कॉलही लागतो. पण नऊ पिनांच्या कनेक्टरवरची पिन १, म्हणजे वाहक सिग्नल आहे हे सांगणारी डीसीडी, आणि पिन ४, म्हणजे डीटीआर, कुठेच पोहोचत नाहीत. समोरच्यानं कॉल सोडला हे सर्व्हरला कळत नाही, आणि सर्व्हर फोन ठेवायला सांगतो ते मॉडेमला कळत नाही. मॉडेम लाइन धरून बसतो. पिन ७ आणि ८ नसतील तर फ्लो कंट्रोल नाही, मग मोठी फाइल पाठवताना डेटा गळतो. मल्टीमीटरनं प्रत्येक पिनची सलगता तपासा. मॉडेमची केबल सरळ जोडणीची हवी. दोन संगणक जोडणारी नल-मॉडेम केबल दिसायला तशीच असते, पण ती इथे चालत नाही.

चौथी पायरी : सर्व्हर कॉल उचलतो का

टर्मिनल उघडं ठेवून मोबाइलवरून नंबर लावा. पडद्यावर ‘रिंग’ असं उमटायला हवं. उमटलं की ‘एटीए’ द्या, मॉडेम उचलेल आणि शिट्टी सुरू होईल. हे झालं तर मॉडेम, पोर्ट आणि लाइन तिन्ही निर्दोष. आता टर्मिनल बंद करून सर्व्हिस सुरू करा आणि पुन्हा नंबर लावा. आता कॉल उचलला गेला नाही, तर दोष सर्व्हिसच्या मांडणीत.

विंडोज सर्व्हरवर ‘राउटिंग अँड रिमोट ॲक्सेस’ मध्ये पोर्ट्सची प्रॉपर्टी उघडून त्या मॉडेमसमोर इनबाउंड जोडणीची खूण आहे का ते बघा. मॉडेम नव्यानं बसवला की ती खूण पुन्हा करावी लागते. लिनक्सवर एमगेटी, म्हणजे मॉडेमचे कॉल उचलणारा प्रोग्राम, त्या पोर्टवर चालू आहे का ते बघा. जुन्या यंत्रांत तो सुरू करणारी ओळ इनिटटॅब या फाइलमध्ये असे. सिस्टमडी (सर्व्हिस सुरू करणारी नवी यंत्रणा) असलेल्या नव्या आवृत्तीवर ती फाइल वापरली जात नाही, त्यामुळे अपग्रेडनंतर डायल-इन गुपचूप बंद पडतं. सर्व्हरच्या आत बसवलेला स्वस्त विनमॉडेम (ज्याचं बरंचसं काम संगणकाचं सॉफ्टवेअर करतं) असेल तर तो काढून बाह्य मॉडेम लावा. त्याच्यामागे वेळ घालवू नये असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

एस० रजिस्टरबद्दल, म्हणजे किती रिंगनंतर मॉडेमनं आपोआप उचलावं या सेटिंगबद्दल, एक सावधगिरी. ‘ऑटो आन्सर हवा’ म्हणून ‘एटीएस०=१’ करून ठेवण्याची सवय बरीच पसरलेली आहे. ते ० ठेवा. विंडोज आणि एमगेटी दोघेही रिंग ओळखून स्वतः मॉडेमला उचलायला सांगतात. एस० १ असेल तर सर्व्हर लटकलेला असतानाही मॉडेम आपला फोन उचलतो, शिट्टी वाजते, आणि पलीकडच्या माणसाला वाटतं की सगळं ठीक आहे, आपलाच पासवर्ड चुकतो आहे. ० असताना न उचललेली रिंग तुम्हाला खरी परिस्थिती सांगते.

पाचवी पायरी : शिट्टी होते, पण जुळत नाही

आता कॉल करणाऱ्याच्या बाजूला या. विंडोजमधला एरर क्रमांक ६८० म्हणजे डायल टोन नाही, ६७६ म्हणजे एंगेज, ६७८ म्हणजे पलीकडून उत्तर नाही. ६३३ आला तर मॉडेम आधीच वापरात आहे किंवा नीट बसवलेला नाही.

टोन कानाला ऐकू येतो आणि तरी ६८० येतो, तर मॉडेम दुसऱ्या देशाच्या टोनची वाट बघतो आहे. डायलिंगच्या सेटिंगमध्ये देश भारत निवडा. ईपीएबीएक्समागून लावत असाल तर तिचा टोन आणखी वेगळा असतो. अशा वेळी ‘एक्स३’ जोडा म्हणजे मॉडेम टोनची वाट न बघता नंबर फिरवतो. शून्य दाबून बाहेरची लाइन घेत असाल तर शून्यापुढे एक-दोन स्वल्पविराम द्या. एका स्वल्पविरामाला साधारण २ सेकंद थांबा मिळतो. भिवंडी किंवा डोंबिवलीच्या शाखेतून लावताना ०२२ जोडायला विसरू नका, तिथले कोड वेगळे आहेत.

नंबर बरोबर लागतो, दोन्हीकडची घरघर ऐकू येते आणि शेवटी ‘नो कॅरियर’ येतं, तर आतला दोष आणि बाहेरचा दोष वेगळा करण्याची एक उत्तम युक्ती आहे. ईपीएबीएक्सची दोन ॲनालॉग एक्स्टेन्शन घ्या. एकावर सर्व्हरचा मॉडेम, दुसऱ्यावर लॅपटॉपचा मॉडेम लावा आणि ‘एक्स३’ सह एक्स्टेन्शनचा नंबर फिरवा. इथे जोडणी झाली तर दोन्ही मॉडेम आणि सर्व्हर ठीक, बाहेरची लाइन खराब. इथेही झाली नाही तर लाइनमनला बोलावण्यात अर्थ नाही. नुसती वायर घेऊन दोन मॉडेम एकमेकांना जोडले तर ही चाचणी होत नाही, कारण लाइनला लागणारा दाब आणि घंटी कोणीतरी द्यावी लागते. ते काम ईपीएबीएक्स करतो.

५६ के मॉडेम असूनही ३३,६०० च्या वर जात नाही, ही मात्र तक्रार नाही. ५६ के साठी एका टोकाची जोडणी डिजिटल असावी लागते. दोन्ही टोकांना साधी लाइन असेल तर ३३,६०० हीच कमाल. पण वेग तुम्ही स्वतः बांधलेला नसताना १९,२०० च्या खाली घसरत असेल तर दुसऱ्या पायरीवर परत जा.

सहावी पायरी : जोडलं, पण आत घेत नाही

मॉडेमवरचा सीडीचा, म्हणजे कॅरियर डिटेक्टचा, दिवा लागला की मॉडेमचं काम संपलं. यापुढे सर्व्हरचे लॉग वाचा. ७१८ किंवा ७२१ म्हणजे पीपीपीला पलीकडून उत्तर नाही. लिनक्सवर असं होतं तेव्हा एमगेटीच्या लॉगिन कॉन्फिगमधली ऑटो-पीपीपीची ओळ टिप्पणीत पडलेली, म्हणजे निष्क्रिय, आहे का ते बघा.

६९१ म्हणजे नाव किंवा पासवर्ड नाकारला. डोमेनचं नाव जोडलं आहे का, खातं लॉक झालं आहे का ते पाहा. ६४९ वेगळा आहे : पासवर्ड बरोबर, पण त्या खात्याला डायल-इनची परवानगी नाही. युजरच्या डायल-इन टॅबवर परवानगी द्या. परवानगी धोरणावर सोपवली असेल तर मूळ धोरण नकारच देतं, हे ध्यानात ठेवा. विंडोज सर्व्हर २००८ पासून एमएस-चॅप या पासवर्ड तपासण्याच्या पद्धतीची पहिली आवृत्ती काढून टाकलेली आहे. त्यामुळे सर्व्हर नवा केल्यावर एखादं फार जुनं यंत्र पासवर्ड बरोबर असूनही अडतं, आणि त्याला दुसऱ्या आवृत्तीची सोय हवी.

सातवी पायरी : आत आलो, पण काहीच दिसत नाही

मिळालेला आयपी पत्ता बघा. १६९.२५४ नं सुरू होत असेल तर रिमोट ॲक्सेस सर्व्हरला डीएचसीपीकडून (नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) पत्ते मिळाले नाहीत. विंडोज डायल-इनसाठी एकदम १० पत्ते मागतं, म्हणून पत्ते संपत आलेल्या नेटवर्कवर हे अचानक घडतं. चार-पाच पत्त्यांचा स्थिर संच देऊन टाकणं मला जास्त भरवशाचं वाटतं. तो संच डीएचसीपीतून वगळायला विसरू नका.

पत्ता ठीक असेल तर आधी सर्व्हरच्या आयपीला पिंग करा, मग नेटवर्कवरच्या दुसऱ्या यंत्राला. पहिलं होतं आणि दुसरं होत नाही, तर सर्व्हरवर आयपी राउटिंग बंद आहे. आयपीला उत्तर येतं पण नावाला येत नाही, तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेचा. आणि फाइल उघडायला वेळ लागतो म्हणून लगेच शोधाशोध करू नका. ३३,६०० वर सेकंदाला जेमतेम ४ किलोबाइट येतात, म्हणजे १ एमबीची फाइल चार मिनिटांहून जास्त घेणार.

मध्येच तुटत असेल तर

घड्याळ लावून बघा. दर वेळी ठरावीक मिनिटांनी तुटत असेल तर ती सर्व्हरच्या धोरणातली निष्क्रियतेची किंवा कमाल वेळेची मर्यादा आहे, किंवा मॉडेमचं एस३० रजिस्टर, जे काही मॉडेमांत निष्क्रियतेची वेळ ठरवतं. वेळेचा काही मेळ नसेल तर लाइन. क्षणभराच्या खरखरीनं तुटू नये म्हणून एस१०, म्हणजे सिग्नल गेल्यावर मॉडेम किती वाट बघतो ती वेळ, वाढवा. हे रजिस्टर सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजतं आणि मूळ किंमत बहुधा १४, म्हणजे १.४ सेकंद असते. ३० ते ५० ठेवून बघा. तुटल्यावर लगेच ‘एटीआय६’ किंवा ‘एटी&व्ही१’ दिलं तर काही मॉडेम मागच्या जोडणीचा वेग, पुन्हा जुळवून घेण्याचे प्रसंग आणि तुटण्याचं कारण दाखवतात. विंडोजवर मॉडेमच्या डायग्नोस्टिक्स टॅबमधून लॉग उघडता येतो.

बंद करताना

डायल-इन चालू झालं की त्याच खात्याला कॉलबॅक लावा, म्हणजे सर्व्हर फोन ठेवून ठरलेल्या नंबरावरच परत लावेल. नंबर सापडलेला कोणीही तुमच्या फायरवॉलला वळसा घालून आत येऊ शकतो, म्हणून हे टाळू नका. लाइनवर सर्ज प्रोटेक्टर बसवा आणि त्याचं अर्थिंग खरोखर जोडा, पावसाळ्याआधीच्या विजांत मॉडेम त्यावाचून वाचत नाहीत.

मग शेवटची चाचणी. बाहेरून कॉल लावा, लॉगिन करा, तोडा आणि मिनिटभरात पुन्हा लावा. दुसऱ्यांदाही लागला तर सर्व्हर रीस्टार्ट करून, मॉडेमचा पॉवर काढून-घालून तिसऱ्यांदा लावा. चालू सेटिंगची ‘&व्ही’ ची यादी छापून मॉडेमखाली ठेवा, आणि दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला बाहेरून एक कॉल लावण्याचं काम कोणाच्या तरी नावावर लिहून टाका.